पाचवीत सारख्या चाचण्या चालू आहेत, मग शिकवतात कधी? कोपरखैरण्याच्या एका आईला उत्तर

कोपरखैरण्याच्या एका ताईंनी विचारलंय, त्यांचा प्रश्न थोडक्यात सांगते. मुलगा पाचवीत, अनुदानित शाळा, सेमी इंग्रजी. शाळा सुरू झाल्यावर महिन्या-दीड महिन्यात पायाभूत चाचणी (मागचं किती येतं ते बघणारी सरकारी चाचणी), मग घटक चाचणी, दिवाळीच्या आधी सत्र परीक्षा आणि सरकारी संकलित चाचणी, आता शिष्यवृत्तीचे सराव पेपर, पुढे वार्षिक. मुलगा घरी येऊन सांगतो आज काही शिकवलं नाही, पेपर होता, नाहीतर पेपरची तयारी होती. ताईंचे तीन प्रश्न आहेत, शाळेत तक्रार करू का, अशा दिवशी मुलाला घरी ठेवून स्वतःच शिकवू का, आणि बुडालेला भाग भरून काढायला क्लास लावू का.

मी ठाण्यात एका अनुदानित मराठी प्राथमिक शाळेत २६ वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची सहा मुख्याध्यापिका म्हणून, आता निवृत्त आहे आणि ऐरोलीत राहते. म्हणजे या चाचण्या मी वर्गात घेतल्यात, इतरांकडून करून घेतल्यात आणि पालकांची बोलणीही ऐकलीत. त्यामुळे जरा लांबलचक लिहितेय, वेळ काढून वाचा.

ताई, तुमची काळजी खरी आहे पण वेळ जातो कुठे ते आधी नीट बघायला हवं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं असं आहे, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. तुमच्या मुलासाठी ८०० तास धरा. सरकारी चाचणीत प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी असे तीन पेपर, एकेक पेपर इयत्तेप्रमाणे साधारण दीड ते दोन तासांचा. पायाभूत आणि दिवाळीच्या सुमाराची पहिली संकलित मिळून सहा पेपर झाले, दोन तासांनी मोजले तरी बारा तास. आठशेतले बारा. वर्षाअखेरीला वार्षिक आहेच, पण ती तर आमच्या आईच्या वेळीही होती. म्हणजे नुसत्या लेखी पेपरने वर्ष खाल्लं असं म्हणता येत नाही, आणि हेच बारा तास घेऊन तुम्ही मुख्याध्यापकांकडे गेलात तर ते सरकारी पत्रक पुढे करतील आणि बोलणं तिथेच संपेल, मी स्वतःही हेच केलंय.

कळव्याहून येणारे एक वडील होते, मुलगी माझ्या वर्गात चौथीला. त्यांनी एकदा फाटकापाशी थांबवून विचारलं, बाई, गेल्या तीन आठवड्यांत मुलीच्या गणिताच्या वहीत एकच पान भरलंय, चालू काय आहे नक्की? मी तेव्हा पत्रक, वेळापत्रक, वरून आलेले आदेश सगळं सांगितलं आणि ते गप्प बसून निघून गेले. रात्री मला झोप लागेना कारण वहीतलं पान खरंच एकच होतं. दुसऱ्या दिवसापासून मी टाचण वहीच्या, म्हणजे शिक्षकाच्या रोजच्या पाठाच्या नोंदींच्या वहीच्या, मागच्या पानांवर रोज लिहायला लागले, आज किती वेळ नवीन शिकवलं, किती वेळ पेपर, किती वेळ पेपरच्या नावाने दुसरं काही. वर्षभर लिहिलं. एका वर्गाचा एका वर्षाचा हिशोब आहे, त्यावरून सगळ्या शाळांबद्दल काही म्हणायचं नाही मला, पण माझे डोळे त्याने उघडले.

लेखी पेपरांपेक्षा कितीतरी जास्त वेळ पेपरच्या आधीच्या सरावात गेला होता. मागच्या वर्षीचा पेपर फळ्यावर लिही, मुलांनी उतरवून घे, उत्तरं सांग, परत तसाच दुसरा पेपर. त्यात नवीन काही शिकवणं नव्हतं आणि जुनं नीट पक्कं करणंही नव्हतं, नुसती पेपरच्या साच्याची सवय. आणि का करत होते, तर आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं त्याच्या बैठकीत शाळेचे गुण वाचून दाखवतात, आपला वर्ग खाली दिसू नये ही भीती. कोणी मला लेखी सांगितलं नव्हतं की तीन आठवडे सराव घ्या.

दुसरा मोठा खड्डा तोंडी परीक्षेचा, आणि हा पालकांच्या कधी लक्षातच येत नाही. लेखीबरोबर तोंडीही असते, मूल एकेक करून बाईंच्या टेबलाशी यायचं, वाचायचं, प्रश्नांची उत्तरं द्यायची. माझ्या वर्गात ४३ मुलं, प्रत्येकाला तीन मिनिटं दिली तरी एका विषयाला १२९ मिनिटं, म्हणजे दोन तासांच्या वर. तीन विषय म्हणजे साडेसहा तास झाले एका फेरीला, दोन फेऱ्यांना तेरा. लेखी जितकं तितकंच तोंडी! फरक असा की लेखीच्या दोन तासांत मूल निदान दोन तास काम करतं, तोंडीत प्रत्येक मुलाचं काम तीन मिनिटं आणि उरलेले दोन तास ते आपलं बाकावर बसून. तुमचा मुलगा म्हणतो ना आज काही शिकवलं नाही, तो दिवस बहुतेक हाच असणार.

तिसरं म्हणजे तपासणं आणि गुण ऑनलाइन भरणं. बऱ्याच प्राथमिक शाळांत क्लार्क नसतो, सगळं वर्गशिक्षकाच्या गळ्यात. ४३ मुलांचे तीन पेपर, प्रत्येकाचे प्रश्नावार गुण, शेवटची तारीख जवळ आलेली आणि साइट नेमकी तेव्हाच चालत नाही, मग भर वर्गात मोबाइल हातात घेऊन बाई बसलेल्या आणि मुलांना सांगितलेलं, धडा वाचत बसा. मी बसलेय अशी. मुलांचा तो वेळ गेला तो गेलाच.

आणि चौथं, जे माझ्या हिशोबात जवळपास नव्हतंच, ते म्हणजे पेपरनंतर मुलांशी त्यांच्या चुकांवर बोलणं. वर्षभरात जेमतेम चार तासिका. इतका खटाटोप करून जे हाती यायला हवं त्यालाच वेळ दिला नव्हता आम्ही. माझ्या मते खरं नुकसान हे आहे ताई. चाचणी झाली म्हणून नुकसान नाही होत, चाचणी होऊन तिचं पुढे काही झालं नाही म्हणून होतं.

उलट बाजूही सांगते, कारण चाचण्या बंदच करा असं मी म्हणणार नाही. त्या हिशोबाच्या पुढच्या वर्षीची गोष्ट, पायाभूतमध्ये एक वजाबाकी होती, ५०३ वजा २६७ अशा धर्तीची. अकरा मुलांची उत्तरं चुकली होती आणि मी उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवून बघितल्या तर आठ जणांचं उत्तर एकच, ३६४. म्हणजे ती मुलं अंदाजाने लिहीत नव्हती, त्यांची एक पद्धत होती, प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करायचा मग तो वर असो की खाली. सातातून तीन गेले चार, सहातून शून्य गेलं सहा, पाचातून दोन गेले तीन. वरच्या संख्येत मधे शून्य आलं की हातचा घ्यायचा कुठून हे त्यांना कोणी धड दाखवलंच नव्हतं, आणि त्यात मीही आले. मग खेळातल्या नोटा काढल्या, शंभराच्या पाच आणि एकाची तीन नाणी, आणि सांगितलं यातून मला २६७ द्या. सुट्टे नाहीत, मग शंभराची नोट मोडा, दहाच्या दहा घ्या, त्यातली एक परत मोडा. दोन तासिका गेल्या. आठातली सात मुलं पुढे कधी तिथे अडखळली नाहीत, एकीला अजून आठवडाभर लागला. ही चूक मला त्या पेपरशिवाय दिसली नसती असं नाही, पण इतक्या स्पष्ट, इतक्या लवकर आणि आठही मुलांची एकदम दिसली नसती. पेपरचे दोन तास तिथे वसूल झाले.

आता तुमच्या बाबतीत काय लागू होतं ते बऱ्याच गोष्टींवर आहे. तुमची शाळा अनुदानित आहे म्हणून या सरकारी चाचण्या, जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांनाही त्या आहेत. पण नवी मुंबईत बरेच पालक सीबीएसईच्या खासगी शाळांत मुलं घालतात, तिथे ही चाचणी नसते, तिथे शाळेच्या स्वतःच्या पिरियॉडिक टेस्ट आणि वरून ऑलिम्पियाड, त्यामुळे शेजारणीशी तुलना करून काही कळणार नाही. वर्गात मुलं किती हा मोठा मुद्दा, पंचवीस मुलांच्या वर्गात तोंडी एका सकाळीत उरकते. शाळा दोन अधिवेशनात भरते का तेही बघा, सकाळची शाळा सुटायला आणि दुपारची भरायला मधे मोकळी खोलीच नसेल तर राहिलेलं काम वर्गाच्या वेळातच होणार. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे जुलै-ऑगस्टमधल्या पावसाच्या सुट्ट्या आणि शिक्षकांना लागलेलं निवडणुकीचं, मतदार यादीचं काम हेही तास खातं, कायद्यातच निवडणूक, जनगणना आणि आपत्तीची कामं शिक्षकांना देता येतील असं आहे. तो सगळा राग चाचणीवर काढू नका.

देशपातळीवरचं सर्वेक्षण वेगळं आहे बरं का, पालक ते यात मिसळतात. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झालं, मग ४ डिसेंबर २०२४ ला परख, ते तिसरी, सहावी आणि नववीचं होतं. निवडलेल्याच शाळा, वर्गातलीही ठरावीक मुलं, आणि निकाल जिल्ह्याचा, राज्याचा, तुमच्या मुलाचे गुण असं त्यात काही नसतं. त्याच्यासाठी आठवडेच्या आठवडे गोल काळे करायचा सराव घेणं हे मला कधीच पटलं नाही. भाजी तोलताना तराजूच्या पारड्यावर आपणच हात ठेवायचा आणि मग एवढी भाजी आली म्हणायचं, तसं आहे ते. तुमचा मुलगा पाचवीत आहे त्यामुळे सध्या तुमचा याच्याशी संबंध नाही, सहावीला कदाचित येईल.

तुमच्या घरातला मोठा खड्डा मला शिष्यवृत्ती वाटतेय. दोन पेपर, प्रत्येकात ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. एकात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. परीक्षा चांगली आहे, माझ्या किती मुलांना बुद्धिमत्तेच्या प्रश्नांनी विचार करायची गोडी लागली. पण ती ऐच्छिक आहे. वर्गातल्या पंधरा मुलांनी फॉर्म भरलाय म्हणून नेहमीच्या तासिकांत चाळीस जणांना सराव पेपर देत बसणं चूक आहे, जादा तास शाळा भरायच्या आधी किंवा सुटल्यावर घ्यावा. इथे तुम्ही शाळेला स्पष्ट विचारू शकता, विचाराच. तुमच्या मुलाने फॉर्म भरलाय का आणि त्याला स्वतःला बसायचंय का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. त्याला आवडत असेल तर राहू दे, आणि रडत रडत पेपर सोडवत असेल तर नाही बसला म्हणून काही बिघडत नाही.

आता तक्रारीचं. तक्रार नको, आधी प्रश्न विचारा, आणि जाण्याआधी घरी एक काम करा. गणित आणि मराठीच्या वह्या काढा आणि पानांवरच्या तारखा बघा. वहीत सगळं दिसतं. कुठे दोन आठवडे कोरे आहेत, ते नेमके पेपरच्या आधी आहेत, पेपरमध्ये आहेत की नंतर, एका कागदावर लिहून काढा. मग बाईंना भेटा, पेपर चालू असताना नाही, गुण भरायच्या आठवड्यात तर अजिबात नाही, त्यानंतर. आणि विचारा, याच्या पायाभूतच्या उत्तरपत्रिका बघायला मिळतील का, हा कुठे चुकला, त्याच्यावर वर्गात काय घेतलं, मी घरी काय घेऊ. चांगल्या बाई या प्रश्नाने खूश होतात, मी तरी व्हायचे, कारण पालक एरवी फक्त किती पडले आणि पहिला कोण आला एवढंच विचारतात. बाई गडबडल्या तरी राग धरू नका, पुढच्या वेळी त्या उत्तरपत्रिका काढून ठेवतील, माझ्याही बाबतीत तसंच झालं.

एकटीने बोलून फरक पडत नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीत मांडा. अनुदानित शाळेत ही समिती कायद्याने लागते, त्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि निम्म्या महिला असायला हव्यात. तिथे चाचणी बंद करा असं म्हणून उपयोग नाही, ते शाळेच्या हातात नाही. शाळेच्या हातात जे आहे तेच मागा. पेपर सकाळी दोन तासांत संपला की उरलेला दिवस नेहमीच्या वेळापत्रकाने चालवा, अर्धी शाळा सोडू नका. नुसत्या पेपरच्या सरावाला चार-पाच तासिकांची मर्यादा घाला. तोंडी चालू असताना बाकीच्या मुलांना काम ठरवून द्या. मी मुख्याध्यापिका झाल्यावर तोंडीसाठी दोन गोष्टी केल्या, एक म्हणजे दोन तुकड्यांची मुलं एका वर्गात बसवून एक बाई वाचनालयातली पुस्तकं घेऊन त्यांच्यात थांबायच्या आणि दुसऱ्या बाई शेजारच्या खोलीत तोंडी घ्यायच्या, आणि दुसरं, तोंडीतलं वाचन रोज परिपाठानंतर चार-चार मुलांचं आधीपासूनच ऐकायचं म्हणजे त्या दिवशी घाई होत नाही. पहिल्या वर्षी शिक्षिकांनी कुरकुर केली, दुसऱ्या वर्षी त्यांनीच मागितलं. आणि गुण भरायला दोन शिक्षिकांची जोडी लावली, एकीने वर्ग सांभाळायचा एकीने भरायचे, मग उलट. पैसा लागत नाही याला.

मुलाला त्या दिवशी घरी ठेवू का, तर नका ठेवू. गैरहजर मुलाची चाचणी नंतर वेगळी घ्यावी लागते, म्हणजे बाईंचा अजून एक तास गेला, तोही तुमच्याच मुलाच्या वर्गाचा. शिवाय पायाभूतवरूनच कोणाला कुठे जादा मदत लागतेय हे ठरतं, त्यात तुमचा मुलगा नसेल तर त्याचा विचार कोण करणार. पाचवीच्या वार्षिकचं तर विचारूच नका, २०१९ च्या कायदा दुरुस्तीने पाचवी-आठवीला वर्षाअखेरची परीक्षा आली आणि नापास मुलाला त्याच वर्गात ठेवायची मुभा राज्यांना मिळाली, आपल्याकडे २०२३-२४ पासून ही परीक्षा लागू आहे. नापास झालं तर पुन्हा परीक्षेची संधी मिळते पण त्यातही नाही झालं तर मूल त्याच वर्गात राहू शकतं. ती चुकवायची नाही.

क्लासचं माझं मत नाही असंच आहे, निदान या कारणासाठी तरी. आपल्या भागातले बहुतेक क्लास दर रविवारी टेस्ट घेतात, शाळेत सराव पेपर जास्त झाले म्हणून संध्याकाळी अजून सराव पेपर द्यायचे यातून तुम्हाला हवं ते मिळणार नाही. मात्र एक तपासून बघा. तिसरीच्या बालभारतीच्या पुस्तकातलं कुठलंही पान त्याच्यापुढे ठेवा, न अडखळता वाचून त्यातली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगतो का बघा, आणि हातच्याची एक वजाबाकी, एक साधा भागाकार द्या. हे सगळं जमत असेल तर बुडालेला भाग तो पंधरा-वीस मिनिटं रोज घरी बसून भरून काढेल, रोज एक पान मोठ्याने वाचायचं आणि दोन गणितं तोंडाने सांगत सांगत सोडवायची, तोंडाने हे महत्त्वाचं, कारण तेव्हाच चूक कुठे होतेय ते ऐकू येतं. आणि जमत नसेल तर प्रश्न यंदाच्या चाचण्यांचा नाही, तो दोन-तीन वर्षांपासून साचलाय, मग क्लासपेक्षा आधी बाईंना सांगा आणि घरातल्या कोणीतरी एकाने, आजी-आजोबा असतील तर फारच छान, रोज त्याच्याजवळ बसावं.

तर ताई, या रविवारी आधी वह्यांच्या तारखा बघा. मग पायाभूतची गणिताची उत्तरपत्रिका मिळवा, गुणांकडे नंतर बघा, चुकलेलं प्रत्येक उत्तर त्याने कसं काढलं ते त्याला विचारा आणि तो जे म्हणतो ते जसंच्या तसं लिहून मला कळवा, तू असं का केलंस असं न म्हणता नुसतं लिहून घ्या. त्यावरून कुठून सुरुवात करायची ते मी सांगते.